न येणारी गाडी, न थांबणारें विमान

शहरांत राहणाऱ्या माणसाला दळणवळणाचा जाच दोन प्रकारांनीं होतो. सकाळीं ठरल्या वेळेला यावयाची गाडी येत नाहीं, हा एक. आणि पहांटे, कोणीं बोलावलें नसतां, विमान माथ्यावरून घरघरत जातें, हा दुसरा. पहिल्या ठिकाणीं त्याची तक्रार अशी कीं, जें हवें तें येत नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं अशी कीं, जें नको तें येतच राहतें. ह्या दोन तक्रारी घेऊन त्यानें कोणाच्या दारीं जावें? लोकशाही राज्यपद्धतीचें पाठ्यपुस्तक सांगतें कीं, मंत्र्याच्या. मंत्री हा आपल्या खात्यांतील बऱ्यावाईट सर्व गोष्टींबद्दल विधिमंडळाला जबाबदार असतो, असें शाळेंत शिकविलें जातें. परंतु पुस्तकांतल्या मंत्र्याची आणि प्रत्यक्षांतल्या मंत्र्याची गांठ घालून पाहूं लागलें म्हणजे मोठी गंमत दिसते. ती पाहण्यास इंग्लंडसारखें दुसरें ठिकाण नाहीं. एक तर हें तत्त्व त्याच भूमींत वाढलें. आणि दुसरें असें कीं, १९८३ सालीं विमानवाहतूक हें प्रकरण व्यापारखात्याकडून वाहतूकखात्याकडे आलें, तेव्हांपासून रेल्वेचा उशीर आणि विमानांचा आवाज हीं दोन्ही तेथें एकाच मंत्र्याच्या पदरीं आहेत.

२०१८ सालच्या मे आणि जून महिन्यांत तेथें जें घडलें तें ह्या दृष्टीनें फार बोलकें आहे. त्या वर्षीं २० मे रोजीं रेल्वेचें नवें वेळापत्रक सुरू झालें आणि एका रात्रींत शेंकडा ४६ गाड्यांच्या वेळा बदलल्या. वेळापत्रक म्हणजे फलाटावर लावलेला एक कागद, अशी प्रवाशाची समजूत असते. वस्तुतः तो एक भला मोठा हिशेब असतो. कोणती गाडी कोणत्या रुळावरून कोणत्या मिनिटाला जाणार, आणि ती हांकणार कोण, हें सारें त्यांत आधीं जुळावें लागतें. आणि एखाद्या मार्गावरचे सिग्नल, चढउतार व वळणें शिकल्यावांचून चालकाला त्या मार्गावर गाडी नेतां येत नाहीं. म्हणून वेळापत्रक बारा आठवडे आधीं पक्कें व्हावें असा तेथील रिवाज आहे. पण मँचेस्टरहून बोल्टनमार्गें प्रेस्टनला जाणाऱ्या रस्त्याचें विद्युतीकरण लांबलें; त्यावर बेतलेलें वेळापत्रक ऐन वेळीं पुन्हां मांडावें लागलें; आणि कोणत्या चालकानें कोणता मार्ग शिकावयाचा हें कंपन्यांना कळलें, तेव्हां शिकविण्यास दिवस उरले नव्हते. परिणाम व्हावयाचा तोच झाला. गाडी होती, रूळ होते, प्रवासी होते. चालक मात्र दुसऱ्याच स्टेशनांत होता. उत्तर इंग्लंडांतील नॉर्दर्न कंपनीनें ४ जूनपासून रोजच्या १६५ गाड्या काढून टाकल्या. ऑक्सनहोम ते विंडरमिअर ह्या सरोवरांच्या रम्य प्रदेशांतील लहानशा फांट्यावर तर दोन आठवडे गाड्या बंदच राहिल्या. लंडनला उत्तर-दक्षिण छेदून जाणाऱ्या थेम्सलिंकवरही तीच त्रेधा उडाली.

त्याच ४ जूनला वाहतूकमंत्री क्रिस ग्रेलिंग कॉमन्स सभेंत उभे राहिले. त्यांच्या निवेदनाचा झोंक असा होता कीं, रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलनें काम वेळेवर पुरें केलें नाहीं आणि गाड्या चालविणाऱ्या कंपन्यांची तयारी नव्हती. रेल्वे चालविणें हें मंत्र्याचें काम नव्हे, ही त्यांची भूमिका पुढेंही कायम राहिली. चौकशी करण्याचें काम त्यांनीं रेल्वे-नियामक संस्थेचे अध्यक्ष स्टीफन ग्लेस्टर यांच्याकडे सोंपविलें. सप्टेंबरांत त्या चौकशीचा पहिला अहवाल आला. त्यांतला मुख्य निष्कर्ष असा कीं, ह्या सगळ्या कारभाराचा ताबा कोणीच घेतलेला नव्हता. नेटवर्क रेल चुकली, कंपन्या चुकल्या, मंत्र्याचें खातें चुकलें; इतकेंच काय, पण जी संस्था चौकशी करीत होती तिनें स्वतःचाही त्या चुकणारांत समावेश केला होता. हा प्रामाणिकपणा प्रशंसनीय खरा. पण आरोपी आणि न्यायाधीश एकाच बाकावर बसलेले पाहून प्रवाशाचें समाधान कितपत झालें असेल, ही शंकाच आहे.

आतां दुसरा अंक पाहावा. हात झटकून चोवीस तास होतात न होतात तोंच, म्हणजे ५ जूनला, तेच मंत्री त्याच सभेंत पुन्हां उभे राहिले; आणि हीथ्रो विमानतळावर तिसरी धावपट्टी व्हावी, असें राष्ट्रीय धोरण त्यांनीं सभेपुढें ठेवलें. २५ जूनला तें ४१५ विरुद्ध ११९ मतांनीं संमत झालें. व्यापारखात्याचे एक राज्यमंत्री ग्रेग हँड्स यांनीं त्याविरुद्ध मत देतां यावें म्हणून चार दिवस आधीं राजीनामा दिला. बुलडोझरपुढें आडवा पडून धावपट्टी अडवीन, अशी घोषणा पूर्वीं करून बसलेले परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन हे मात्र मतदानाच्या दिवशीं अफगाणिस्तानांत होते. जबाबदारी पेलण्याची आणि टाळण्याची अशीं दोन चित्रें एकाच मंत्रिमंडळांत एकाच आठवड्यांत क्वचितच पाहावयास मिळतात.

तेव्हां सोमवारीं एका प्रकरणांत मंत्र्याच्या हातीं कांहीं नाहीं, आणि मंगळवारीं दुसऱ्या प्रकरणांत मंत्र्याच्या हातींच सारें आहे, असा हा देखावा होता. ह्यांत केवळ एका व्यक्तीचा दोष काढणें सोपें आहे, पण तें पुरेसें नाहीं. ह्या दोन उत्तरांचीं मुळें शंभर वर्षें मागें जातात.

पहिलें मूळ हर्बर्ट मॉरिसन यांच्या विचारांत आहे. १९२९ ते १९३१ पर्यंत ते वाहतूकमंत्री होते. लंडनच्या बसगाड्या, ट्रॅम आणि भुयारी रेल्वे ह्या नाना मालकांच्या हातून काढून एका सार्वजनिक मंडळाकडे द्याव्या, ही योजना त्यांची. आणि ती १ जुलै १९३३ रोजीं अमलांत आली. मॉरिसन यांचें म्हणणें असें कीं, मंडळ नेमावें सरकारनें, धोरण आंखावें सरकारनें. पण अमुक नाक्यावर बस किती वाजतां यावी ह्यांत मंत्र्यानें लुडबूड करूं नये. कामाला जाणकार माणसें लावावींत आणि त्यांना सुखानें काम करूं द्यावें. ह्यांत खोटें कांहींच नव्हतें. प्रत्येक उशिरा आलेल्या गाडीचा जाब मंत्री देऊं लागला तर मंत्रालयाची चौकशी-खिडकी होईल, आणि निवडणूक जवळ आली कीं स्टेशनें मतदारांच्या सोयीनें उभीं राहतील. पुढें १९४८ सालीं रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली तेव्हांही हेंच सूत्र चाललें. रोजच्या कारभाराविषयींचे प्रश्न सभागृहांत विचारूं दिले जात नसत. धोरणाविषयींचे तेवढे दिले जात.

पण धोरण कोठें संपतें आणि रोजचा कारभार कोठें सुरू होतो, ही रेघ कोणीं ओढावयाची? अर्थात् मंत्र्यानें. गाडी वेळेवर आली कीं तें धोरणाचें यश. नाहीं आली कीं तो कारभाराचा दोष! १९९३ च्या कायद्यानें रेल्वेचे पुन्हां तुकडे झाले. रूळ एकाचे, गाड्या चालविणारा दुसरा, डबे भाड्यानें देणारा तिसरा, नियम पाहणारा चौथा. मराठींत म्हण आहे, बारभाईंची शेती, काय लागेल हातीं. तिचा ह्याहून चांगला दाखला सांपडणार नाहीं. आणि तरीही, २०१८ सालीं नेटवर्क रेल ही सरकारच्याच मालकीची होती, आणि कंपन्यांशीं झालेल्या करारांवर सही मंत्र्याच्याच खात्याची होती. म्हणजे शेत मंत्र्याचें, बैल मंत्र्याचे, कुळांना खंड ठरवून देणारा मंत्रीच. फक्त पीक बुडालें तें मात्र कुळांचें. नॉर्दर्नचा कारभार शेवटीं १ मार्च २०२० रोजीं सरकारनें आपल्याकडे घेतला.

ह्या संदर्भांत भारतीय श्रोत्याला लालबहादूर शास्त्री यांची आठवण होणें साहजिक आहे. १९५६ सालीं महबूबनगरजवळ आणि नंतर नोव्हेंबरांत मद्रास राज्यांतील अरियालूर येथें भीषण रेल्वे अपघात झाले. पहिल्या अपघातानंतर दिलेला त्यांचा राजीनामा पंडित नेहरूंनीं घेतला नाहीं. दुसऱ्यानंतरचा घेतला, आणि तोही शास्त्रीजी दोषी आहेत म्हणून नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून, असें सांगून. पुरामुळें खचलेला मार्ग दिल्लींत बसलेल्या मंत्र्याला दिसणें शक्य नव्हतें, हें सर्वांना ठाऊक होतें. ह्या कृतीची थोरवी कमी न करतां एक गोष्ट मात्र म्हटली पाहिजे. राजीनामा हें जबाबदारीचें अगदीं शेवटचें रूप आहे, आणि तें अपघातालाच शोभतें. रोज सात मिनिटें उशिरा येणाऱ्या गाडीला किंवा रोज पहांटे झोपमोड करणाऱ्या विमानाला राजीनाम्याचा उपयोग नाहीं. तेथें लागतें तें उत्तर, आणि तें पुन्हां पुन्हां, आंकड्यांनिशीं द्यावें लागतें.

विमानांच्या आवाजाच्या बाबतींत ह्या उत्तराचें मोल आणखीच मोठें आहे. कारण तेथें नागरिकाजवळ त्यावांचून दुसरें कांहीं ठेवलेलेंच नाहीं.

इंग्लंडच्या परंपरागत कायद्याप्रमाणें शेजाऱ्यानें रात्रभर घण घालून झोप मोडली, तर त्याच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयांत उपद्रवाचा दावा लावतां येतो. न्यायालय नुकसानभरपाई देतें, प्रसंगीं मनाई हुकूमही काढतें. हा हक्क फार जुना आहे. २५ ऑगस्ट १९१९ रोजीं लंडनजवळच्या हाऊन्स्लो येथून पॅरिसला रोजची विमानसेवा सुरू झाली. पहिल्या विमानांत प्रवासी एक, आणि बरोबर वर्तमानपत्रें, डेव्हनशरची साय आणि शिकारीचे पक्षी, एवढाच संसार होता. अशा ह्या तान्ह्या धंद्याला कोणी जमीनदार दाव्यांत गुंतवून मारून टाकील, अशी भीति सरकारला वाटली. आणि १९२० च्या हवाई वाहतुकीच्या कायद्यांत एक कलम घालण्यांत आलें. वारा, हवामान व इतर परिस्थिति लक्षांत घेतां वाजवी अशा उंचीवरून विमान गेलें, तर केवळ तेवढ्यावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा चालणार नाहीं, असा त्या कलमाचा आशय होता. एका प्रवाशासाठीं आणि सायीच्या बरण्यांसाठीं दिलेली ही सवलत १९४९ च्या कायद्यांत आली, तेथून १९८२ च्या कायद्यांत आली, आणि आज शेंकडों प्रवासी बसतील अशा अजस्र विमानांनाही तीच लागू आहे. तान्हें मूल बाप झालें. पाळणा मात्र अजून हलतोच आहे. आणि ज्या हाऊन्स्लोवरून तें पहिलें विमान उडालें, तोच भाग पुढें हीथ्रोच्या विमानांखालीं सांपडला.

हक्क काढून घेतला, त्याच्या मोबदल्यांत काय दिलें? मंत्री दिला. १९८२ च्या कायद्याच्या ७८ व्या कलमानें आवाज आटोक्यांत ठेवण्यासाठीं विमानांना बंधनें घालण्याचा अधिकार मंत्र्याला आहे, आणि हीथ्रो, गॅटविक व स्टॅन्स्टेड ह्या तीन विमानतळांच्या बाबतींत तो त्यानें स्वतःकडे ठेवलेला आहे. ह्या व्यवहाराचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. नागरिकाकडून न्यायालय घेतलें आणि त्याच्या जागीं सभागृहांतला प्रश्न दिला. रेल्वेच्या प्रवाशाला भाड्याचा परतावा मागतां येतो, बस पकडतां येते, निदान घरून उशिरा निघतां येतें. धावपट्टीच्या टोंकाशीं राहणारास घर विकून जाण्याखेरीज असा मार्ग नाहीं. म्हणून रेल्वेच्या बाबतींत मंत्र्यानें "हें माझें काम नव्हे" म्हटलें तर ती टोलवाटोलवी ठरते; आवाजाच्या बाबतींत तसें म्हटलें तर तो घेतलेल्या ठेवीचा अपहार होतो.

आणि हीथ्रोची तर जन्मकथाच अशी आहे कीं, तेथें उत्तर देण्याचें ऋण दुप्पट व्हावें. १९४४ सालीं, युद्ध चालू असतां, लांब पल्ल्याच्या लष्करी वाहतूक विमानांसाठीं तळ हवा असें सांगून हवाई खात्यानें तेथील भाजीपाल्याचे मळे आणि वाडी युद्धकालीन अधिकारांखालीं ताब्यांत घेतली. त्या वेळचे हवाई उपमंत्री हॅरल्ड बाल्फर यांनीं पुढें १९७३ सालीं आपल्या आठवणींत स्वच्छ लिहून टाकलें कीं, विमानतळ प्रथमपासून नागरी वाहतुकीसाठींच हवा होता. जाहीर चौकशीची दिरंगाई टाळावी म्हणून युद्धाचें निमित्त पुढें केलें. १९४६ सालीं तो नागरी विमानतळ म्हणून खुला झाला. जी चौकशी १९४४ सालीं चुकविली, ती पुढें व्याजासकट भरावी लागली. पांचव्या टर्मिनलची जाहीर चौकशी १९९५ ते १९९९ अशी ५२५ दिवस चालली, आणि २००१ च्या नोव्हेंबरांत मंत्र्यानें परवानगी दिली ती वर्षाला ४,८०,००० हून अधिक विमानें ये-जा करणार नाहींत ह्या अटीवर.

आवाज मोजण्याचें माप हें वरवर पाहतां निरुपद्रवी शास्त्रीय प्रकरण वाटतें. परंतु मंत्र्यानें कशाचें उत्तर द्यावयाचें हें पुष्कळदां त्या मापावरच ठरतें. १९६३ सालीं सर ॲलन विल्सन यांच्या समितीनें आपला अहवाल दिला, त्यांत हीथ्रोभोंवतालच्या लोकांची विचारपूस करून तयार केलेलें एक माप होतें. विमान किती मोठ्यानें जातें आणि किती वेळां जातें, ह्या दोहोंचा त्यांत मेळ घातलेला होता. १९९० सालीं तें सोडून सरासरीचें माप घेतलें गेलें. सकाळीं सातपासून रात्रीं अकरापर्यंतच्या सोळा तासांतील सर्व आवाजाची शक्ति एकत्र करावयाची आणि ती सगळ्या काळावर सारखी पसरावयाची, असें तें माप. त्याची सरासरी ५७ डेसिबेलच्या वर गेली कीं लोकांना लक्षणीय त्रास होऊं लागतो, असें धरण्यांत आलें.

ह्या मापांत एक खोंच आहे. एकेका विमानाचा आवाज तीन डेसिबेलनीं उतरला आणि विमानांची संख्या दुप्पट झाली, तर सरासरी जेथल्या तेथें राहते. आतां तीन डेसिबेलचा फरक कानाला जेमतेम कळतो. पण दर चार मिनिटांनीं जाणारें विमान दर दोन मिनिटांनीं जाऊं लागलें, तर संभाषणाचा धागा, मुलांचा धडा, रेडिओवरचें गाणें, कांहींच सलग राहत नाहीं. नवीं विमानें पूर्वींच्या जेटविमानांपेक्षां पुष्कळच कमी आवाज करतात, हें अगदीं खरें आहे. कारखानदारांना त्याचें श्रेय दिलेंच पाहिजे. पण मंत्री जेव्हां सांगतो कीं ५७ डेसिबेलच्या रेघेंतील वस्ती घटली, आणि रहिवासी जेव्हां सांगतो कीं त्रास वाढला, तेव्हां दोघांपैकीं कोणीही खोटें बोलत नसतो. सरासरी ही कोणाच्याच कानाला ऐकूं येत नाहीं, हीच त्यांतली अडचण. २०१७ सालीं सरकारनेंच आपल्या धोरणांत ५१ डेसिबेलपासून अनिष्ट परिणाम संभवतात असें मान्य केलें. रेघ सहा डेसिबेल खालीं आली, आणि काल ज्यांना त्रास नव्हता अशीं हजारों घरें एका कागदानें त्रासलेलीं ठरलीं.

रात्रीचा प्रश्न ह्याहूनही बिकट. हीथ्रोच्या रात्रीच्या उड्डाणांवर पहिलें बंधन १९६२ सालीं आलें. १९९३ सालीं सरकारनें एक नवी पद्धत काढली. प्रत्येक जातीच्या विमानाला त्याच्या आवाजाप्रमाणें अर्धा, एक, दोन, चार, आठ, सोळा असे गुण द्यावयाचे, आणि मोसमांत एकूण गुण किती खर्च करावयाचे तेवढें ठरवून द्यावयाचें; विमानें किती आणावीं हा ज्याचा त्याचा प्रश्न. शांत विमान आणणारास बक्षीस आणि गोंगाट्यास दंड, अशी ही कल्पना मोठी चतुर होती. पण रिचमंड आणि इतर नगरपालिका न्यायालयांत गेल्या. त्यांचें म्हणणें साधें होतें: कायदा म्हणतो कीं, मंत्र्यानें विमानांची कमाल संख्या सांगावी, मंत्र्यानें गुणांची संख्या सांगितली आहे. न्यायमूर्ति लॉज यांनीं तें मान्य केलें आणि ती पद्धत बेकायदा ठरविली. तेव्हांपासून गुणांबरोबर विमानांचीही संख्या सांगावी लागते. पुढें ती हीथ्रोसाठीं, रात्रीं साडेअकरा ते पहांटे सहा ह्या वेळेंत, वर्षाला ५,८०० अशी ठरली.

ह्या खटल्याचें महत्त्व वकिली वाटेल, पण तें तसें नाहीं. गुणांचा हिशेब सामान्य माणसाला तपासतां येत नाहीं. विमानें मात्र कोणालाही खिडकींत बसून मोजतां येतात. मोजतां येणारी संख्या जाहीर केल्यावांचून उत्तर मागणें शक्यच होत नाहीं.

त्याच पद्धतीविरुद्ध हीथ्रोजवळचे आठ रहिवासी स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयांत गेले. हॅटन खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. २००१ च्या ऑक्टोबरांत तेथील सात न्यायाधीशांनीं, पांच विरुद्ध दोन मतांनीं, रहिवाशांच्या घरगुती जीवनाचा हक्क भंगला असा निकाल दिला. सरकारनें तें प्रकरण मोठ्या पीठापुढें नेलें, आणि ८ जुलै २००३ रोजीं बारा विरुद्ध पांच मतांनीं तो निकाल फिरला: देशाचें आर्थिक हित आणि रहिवाशांची झोप ह्यांचा तोल सांभाळण्यास सरकारला पुरेसा वाव आहे. एवढ्यावर सरकार जिंकलें असें पुष्कळांनीं लिहिलें. पण त्याच निकालाचा दुसरा भाग वाचावयास हवा. आपल्या झोपेचें असें मोल ठरविणें न्याय्य आहे कीं नाहीं हें तपासून घेण्याचा परिणामकारक मार्ग ह्या रहिवाशांना इंग्लंडांत नव्हता, आणि तेवढ्यापुरता त्यांचा हक्क भंगला, असेंही त्याच पीठानें सांगितलें. म्हणजे विमानें उडविल्याबद्दल सरकार दोषी ठरलें नाहीं. जाब विचारण्याची सोय न ठेवल्याबद्दल ठरलें.

मंत्र्याच्या शब्दालाही किंमत असते, याचें एक नमुनेदार उदाहरण क्रॅनफर्डचें आहे. हीथ्रोच्या उत्तरेकडील धावपट्टीच्या पूर्व टोंकाशीं हें गांव येतें. १९५२ सालीं तेथील लोकांना सरकारतर्फें आश्वासन मिळालें कीं, ह्या धावपट्टीवरून पूर्वेच्या दिशेनें होतां होईल तों उड्डाणें होणार नाहींत. तें कायद्यांत लिहिलेलें नव्हतें. तोंडचा शब्द होता, आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ पाळला गेला. २००९ च्या जानेवारींत वाहतूकमंत्री जेफ हून यांनीं तिसऱ्या धावपट्टीस अनुकूलता जाहीर करतांना हें आश्वासनही संपविल्याचें सांगितलें. पुढील वर्षीं सरकार बदललें. नव्या सरकारनें धावपट्टी रद्द केली, पण क्रॅनफर्डचा शब्द कांहीं परत दिला नाहीं. सरकारची बाजूही ऐकली पाहिजे: क्रॅनफर्डला मिळालेली शांतता दक्षिणेकडील धावपट्टीखालचे लोक आपल्या कानांनीं भरीत होते, आणि वाटणी सर्वांत सारखी व्हावी हें म्हणणें न्यायाचें होतें. आवाजाच्या राजकारणांत नेहमीं असेंच होतें. एका खेड्याला दिलासा म्हणजे दुसऱ्या खेड्याला शिक्षा. म्हणून तर हा निवाडा ज्याला लोक पदच्युत करूं शकतात अशानेंच करावा लागतो.

उलट ग्रेलिंग यांच्या कारकीर्दींत, २०१९ च्या आरंभीं, ह्या आवाजाविषयीं सल्ला देण्यासाठीं एक स्वतंत्र आयोग नेमला गेला. त्याच्याजवळ हुकूम काढण्याचा अधिकार नव्हता. तीन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तोंच, २०२१ च्या सप्टेंबरांत, तो बंद करून त्याचें काम नागरी विमान-प्राधिकरणाकडे देण्यांत आलें. तिसऱ्या धावपट्टीची चर्चा मात्र चालूच राहिली. २०२० च्या फेब्रुवारींत अपील न्यायालयानें हवामानाच्या मुद्द्यावर तें धोरण बेकायदा ठरविलें, डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल उलटविला, आणि २०२५ च्या जानेवारींत दुसऱ्याच पक्षाच्या सरकारनें पुन्हां तिला पाठिंबा जाहीर केला. रात्रीं साडेसहा तास नियोजित विमानें बंद राहतील, हें २०१८ च्या धोरणांतील अभिवचन त्या धावपट्टीलाच बांधलेलें आहे. ती झाली तर झोप, तोंपर्यंत ५,८००.

हें सारें दूरदेशीचें वाटेल. पण ज्या कलमापासून ही कथा सुरू झाली तें इकडेही आलें आहे. हिंदुस्थानच्या १९३४ च्या विमान-कायद्याचें १७ वें कलम हें इंग्लंडच्या १९२० च्या कलमाचीच छाया होतें. वाजवी उंचीवरून जाणाऱ्या विमानाविरुद्ध अतिक्रमणाचा वा उपद्रवाचा दावा कोणत्याही दिवाणी न्यायालयांत आणतां येणार नाहीं, असें तें सांगे. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय वायुयान अधिनियम आला, तोंपर्यंत नव्वद वर्षें घाटकोपर, कुर्ला, विलेपार्ले येथील गृहस्थांचा तो हक्क ह्या कलमानें बांधलेला होता. फरक इतकाच कीं, इंग्लंडांत त्याच्या मोबदल्यांत निदान एक नांवाचा मंत्री मिळाला.

मुंबईंत तसें नाहीं. विमानतळ हें दिल्लीच्या नागरी विमानवाहतूक मंत्रालयाचें प्रकरण. विमानतळाभोंवतालच्या आवाजाच्या मर्यादा २०१८ च्या जूनमध्यें ठरविल्या त्या पर्यावरण मंत्रालयानें. लोकल गाड्या रेल्वे मंत्रालयाच्या; बेस्टच्या बसगाड्या १९४७ च्या ऑगस्टपासून महानगरपालिकेच्या; मेट्रो राज्य सरकारच्या प्राधिकरणाची. तेव्हां पहांटे विमानानें जागा केलेल्या आणि सकाळीं फलाटावर ताटकळलेल्या घाटकोपरच्या रहिवाशाला एकाच दिवसाची तक्रार करावयाची झाली, तर एक पत्र विमानवाहतूक मंत्रालयाला, एक पर्यावरण मंत्रालयाला, एक रेल्वेला, आणि स्टेशनबाहेर बसही मिळाली नसेल तर चौथें महानगरपालिकेला, अशीं चार पत्रें लिहावीं लागतील. आणि चौघांनाही तें पत्र पुढील कारवाईसाठीं दुसऱ्याकडे पाठविण्याची मुभा राहील.